बसणारी गाडी

माझ्या धाकट्या भावाने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आवाज नाही, धूर नाही, अमरावतीच्या उन्हात थंडगार एसी. पण सुखाने राहील तर तो माझा भाऊ कसला! ती नवी कोरी उंच गाडी त्याने एका वर्कशॉपात नेली, चारही चाकांवरच्या स्प्रिंगा काढायला लावल्या आणि त्यांच्या जागी हवेचे रबरी फुगे बसवून घेतले. डिकीत हवेचा पंप आला, हवेची टाकी आली. किराण्याची पिशवी ठेवायची जागा गेली. बदल्यात मिळाला काडेपेटीएवढा एक रिमोट. खालचं बटण दाबलं की फुस्स करत गाडी चांगली सहा-सात बोटं खाली बसायची, वरचं दाबलं की घरघरत उठायची.

“कायसाठी रे हे?” मी विचारलं.

“ताई, लुक येते.”

आमच्या वऱ्हाडात लोक गाडी उचलून, म्हणजे आणखी उंच करून घेतात. खड्डे, गतिरोधक, शेताच्या पांदणीतले दगड, सगळं खालून घासतं. वर्कशॉपवाल्यानेही त्याला सांगितलं होतं, “भाऊ, माह्याकडे लोक गाडी उचलून घ्याले येतात. बसवून घेणारे तुमीच पयले.” भावाला ती तारीफ वाटली. रोज सकाळी फाटकात उभा राहून तो गाडी एकदा बसवायचा, एकदा उठवायचा. शेजारचे काका फुस्स ऐकून बाहेर यायचे, “पुन्ना पंक्चर झाली वाटते,” म्हणायचे आणि आत जायचे. काका हे मुद्दाम म्हणतात हे भावाला अजूनही कळलेलं नाही. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असं मीही येता-जाता ऐकवत होते. थोरल्या बहिणीला तेवढा हक्क असतो, आणि मी तर जन्मभर शाळेत पोरांना दटावलेलं.

या तमाशात एकच माणूस गप्प होतं. आमची आई.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले. काठी धरून घरातल्या घरात फिरते, पण उंच पायरी दिसली की थांबते. धामणगावला एका लग्नात भाचे मंडळींनी तिला खुर्चीसकट उचलून जीपमध्ये ठेवलं. उचलणारे हसत होते, कोणीतरी व्हिडिओ काढला आणि खाली गाणं लावून सगळ्या सोयऱ्यांना पाठवला. आईने तो पाहिला. मोबाइल पालथा ठेवला. त्यानंतर तिने घर सोडलं नाही. कोणी न्यायला आलं की एकच उत्तर, “मी काय सरकीचं पोतं हाओ, उचलून टाकाले?”

आणि तिकडे अकोल्याला मावशी. आईची थोरली बहीण. पडून कंबर मोडली तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली, नजरही अधू झालेली. फोनवर दर वेळी म्हणायची, “एकडाव येऊन जाय व बाई. डोये हायेत तोवर तुले पायतो.” आई “येतो, येतो” म्हणायची, फोन ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. माझा जीव तुटायचा. पण उचलून न्यायचं नाही म्हणजे नाही, आणि उचलल्याशिवाय ती त्या उंच गाडीत चढणार कशी?

हे कोडं भावाने सोडवलं नाही, मीही नाही. एका सकाळी आई ओट्यावर बसून गाडीची ती उठबस बघत होती. मध्येच काठी टेकवत फाटकापर्यंत गेली, बसलेल्या गाडीचं दार उघडायला लावलं, सीटवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, “मायी बाज एवळीच उंच हाय. मले अकोल्याले ने.”

आई आपली आपण सीटवर टेकली, पाय आत घेतले, पदर सावरला. कोणी हात लावला नाही. भावाची छाती अशी फुगली की जणू हे सगळं त्याने आईसाठीच केलं होतं. मी म्हटलं, घे बाप्पा श्रेय, आज तुझा दिवस.

वाटेत आई खुशीत होती. वलगावच्या माहेरच्या गोष्टी सुरू झाल्या. तिच्या वडिलांचा एक बैल होता, पांढरा. दिवाळी करून मावशी सासरी निघाली, बैलबंडी जुंपली, आणि हा बैल जुवाखाली मटकन बसला. शेपूट पिरगाळली, आर लावलेली तुतारीची काठी टोचली, उठायचं नाव नाही. मावशीची पाठवणी दुसऱ्या दिवसावर गेली. पुढच्या सणालाही तेच. “सारं गाव म्हणे, बैलालेई पोरगी पाठवाचं दुःख होते,” आई म्हणाली. भाऊ स्पीकरवर कोणाशी तरी टायरचा भाव करत होता. त्याने काहीच ऐकलं नाही.

मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. गतिरोधक कसला, बांधच तो. गाडी पूर्ण उठवून भावाने ती हळूच पार केली, कारण त्या गाडीची बॅटरी पोटाखाली असते आणि ती घासली तर सगळा लुक निघून जाईल. दाराशी त्याने फुस्स केलं. आई उतरली, एकच बुटकी पायरी होती, ती काठीने चढली. भाऊ गल्लीतल्या लोकांना फुग्यांची माहिती देत बाहेरच थांबला.

मावशीने आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. “आली काय व?” म्हणाली आणि दोघी रडायला लागल्या. मीही रडले, त्यात लपवायचं काय? मग आईने तिचे केस विंचरले, अंबाडीची भाजी कोण बिघडवायचं यावर दोघी भांडल्या, आणि भाऊ दारात येऊन म्हणाला, “चाला आता, निघाचं. मले संध्याकाळी मीटिंग हाय.”

हा त्याचा जन्मजात रोग. कोणाकडेही गेला की चहा उभ्याने, आणि पाणी तोंडात असतानाच निघायची गोष्ट. मावशीने आईचा हात सोडला नाही. आई म्हणाली, “जाय, गाडी तयार कर.”

तो गेला आणि घामाघूम होऊन परत आला. रिमोट सापडत नव्हता. गिअरजवळच्या खोबणीत ठेवला होता म्हणे. खिसे झाले, सीटखाली झालं, पायपुसणी झटकली, काडीने नालीही ढवळून झाली. गाडी बसलेली, आणि पुढे तो बांध. आईलाही विचारलं.

“कोनता रिमोट? टीवीचा काय?” आई म्हणाली.

मावशीच्या सुनेने बिचारीने टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा आणि कूलरचा असे होते नव्हते सगळे रिमोट आणून दिले. भावाने वर्कशॉपला फोन लावला. दुसरा रिमोट आहे, पण माणूस सकाळीच येईल, असं उत्तर आलं. भावाने कपाळाला हात लावला. आई मावशीच्या बाजूला आडवी झाली होती. दोघी एकाच गोधडीत, शाळकरी पोरींसारख्या खुसखुसत होत्या.

सकाळी चहा झाला. भाऊ दाराशी वर्कशॉपवाल्याची वाट बघत उभा होता. आईने कमरेचा बटवा सोडला, त्यातून सुपारी काढली, अडकित्ता काढला आणि मग रिमोट काढून त्याच्यापुढे धरला.

“घे. उठव आता तुयी गाडी.”

“आई! तुयापाशी होता? काल बोलली काहून नाही?”

“अन् थो बैल तुले काय वाटते,” आई सुपारी कातरत म्हणाली, “आपल्या मनानं बसे? ढेपेचा गोया दाखवून मीच बसाले शिकवला होता.”

आतून मावशी हसली. भावाला कोणता बैल तेच कळेना. परतीच्या वाटेवर फोन बंद करून त्याने ती गोष्ट पहिल्यापासून ऐकली.

मावशी पुढल्या थंडीत गेली. तेरवीला आम्ही त्याच गाडीने गेलो. दाराशी फुस्स झालं, आई तशीच आपली आपण उतरली. मावशीची बाज उभी करून भिंतीला लावलेली होती. जेवणं झाली, माणसं पांगली. दुपार कलली तरी भावाने निघायचं नाव काढलं नाही. शेवटी आईच उठली आणि गाडीत जाऊन बसली.

भावाने रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. खाली वाकून हळूच म्हणाला, “आई, हरवला म्हून सांगू काय? आजचा दिवस राहू आपन.”

आई मावशीच्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आता कोनासाठी?” आणि वरचं बटण तिनेच दाबलं.