रुखवतातले मासे

माझ्या हाताला जे काही येतं त्यातलं काहीच मी शाळेत शिकले नाही. शाळाच मुळात थोडी झाली. फुटक्या बांगड्यांचं तोरण काकूकडून उचललं, पोत्याच्या कापडावर लोकरीनं फुलं भरणं माहेरच्या शेजारणीकडून. आणि सलाईनच्या नळीचे मासे शिकले ते दवाखान्याच्या व्हरांड्यात, एका अशा बाईकडून जिचं गावसुद्धा मला आता धड सांगता येणार नाही. पण तिचे उपकार मात्र आठवतात.

आम्ही तेव्हा नालवाडीला राहत होतो. माझं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. सासरे आजारी पडले आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. दिवसा त्यांच्याजवळ बसायची पाळी माझी. बसणाऱ्या बाईला तिथं काम ते काय? बाटलीतले थेंब पाहत राहायचं. शेजारच्या खाटेवर ज्याचा नवरा होता ती बाई मात्र काहीतरी विणत असायची. मी पाहतेय हे पाहून तिनं जागा करून दिली. म्हणाली, "बस अशी. हात रिकामा राह्यला का मन नको तिकडं जाते."

तर वाचणाऱ्या पोरींसाठी सांगते, कारण आता ते मासे कुठं दिसत नाहीत. वापरून झालेली नळी आधी साबणाच्या गरम पाण्यात टाकायची, आतून-बाहेरून स्वच्छ करायची. गरम असली की ती मऊ असते, तेवढ्यात ब्लेडनं उभी चिरायची. तिच्या पट्ट्या होतात. त्या पट्ट्या एकमेकींत खालून-वरून घालत गेलं, आणि प्रत्येक वेळी घट्ट ओढलं, की माशाचं अंग तयार होतं. उरलेली टोकं कात्रीनं बारीक कापली की झाले कल्ले आणि शेपटी. डोळ्याला काळा मणी. रंग हवा असेल तर नळी न चिरता तिच्यात कुंकवाचं पाणी भरायचं आणि दोन्ही तोंडं मेणबत्तीवर धरून चिमटीत दाबून टाकायची. अशा लाल कांड्या माशांच्या मधेमधे ओवल्या की झुंबर काय दिसतं म्हणता!

सासरे बरे होऊन घरी आले. मी पहिले दोन मासे पुढच्या दाराशी टांगले होते. त्यांनी ते पाहिले, मला विचारलं कशाचे, मी सांगितलं. तर म्हणाले, "माह्या अंगाले लागलेली नळी दारावर काऊन टांगली?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या, "तुमी बचावले हे लोकाईले दिसाले पाह्यजे म्हनून."

मासे राहिले.

आता नणंदेचं सांगते. मला एकच नणंद, माझ्याहून लहान. कापूस वेचायला तिच्यासारखी बाई आमच्या शेजारपाजारच्या वावरांत नव्हती. कमरेला ओटी बांधून ती तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, उतरली की आम्ही दोघीतिघी मागं. पण पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. सीझनभर वेचणी करून तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या, कातडी खरखरीत. त्यामुळं भरतकाम तिच्या नशिबात नव्हतं. रेशमाचा धागा हातात घेतला की तो बोटालाच अडकायचा. दोन टाके घालायची, तिसऱ्याला धागा ओढला जायचा आणि सगळं कापड चुण्या पडून गोळा व्हायचं. मग ती रिंग माझ्या मांडीवर टाकून द्यायची आणि म्हणायची, "घे वहिनी, तुयं तूच कर. मले वावर दे."

दिवाळीनंतर तिला देवळीकडचं एक स्थळ आलं. शेतकरी माणसं, घर चांगलं. मुलगा पाहायला आला तेव्हा त्यानं हिला स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही. यंदा फरदड ठेवणार का उपटणार, असं विचारलं. म्हणजे शेवटचा कापूस निघेपर्यंत पीक उभं ठेवणार का काढून टाकणार. हिनं मान वर करून उत्तर दिलं आणि दोघांचं त्यावरच बोलणं झालं. ते लोक गेल्यावर ही दिवसभर गुणगुणत होती. मी ओळखलं.

पण त्याच बैठकीत एक गोष्ट होऊन बसली. मुलाची आई, वरमाय, भिंतीवरच्या माझ्या भरतकामाकडे पाहत होती. तिनं विचारलं, हे पोरीनं केलं का? माझ्या सासूबाई खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या हो. पण लेक डोळ्यासमोर, स्थळ हातातोंडाशी, आणि तोंडातून निघून गेलं, "हाव, तीच करते सगळं. रुखवतात पाहान तुमी."

वरमाय खूश झाली. आमच्याकडे हाताच्या कामाची फार हौस आहे, म्हणाली, मी घरच्या सगळ्या बायांना घेऊन येईन पाहायला.

रुखवत म्हणजे लग्नाच्या दिवशी मुलीकडून जे मांडतात ते. शेवया-कुरडया-लाडू एकीकडे आणि मुलीच्या हातच्या वस्तू एकीकडे. निदान म्हणायचं तरी तसं. मुलाकडच्या बाया ते नुसतं पाहत नाहीत. वस्तू उचलतात, उलटून मागची गाठ पाहतात, नावं ठेवतात आणि नवरीला तिथंच विचारतात, हा टाका कसा घेतला दाखव बरं. थट्टेत विचारतात, पण विचारतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंगणात कापूस निवडत बसलो होतो तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, तिथं कोनं मले सुई देली हातात तं मी काय करू? मले हे घर पाह्यजे अन् माय असं बोलून बसली."

मी म्हटलं, आपण करू काहीतरी. मला तरी काय माहीत होतं काय करायचं. पण हातात काम घेतलं की रस्ता सुचतो असा माझा आपला अनुभव आहे.

मग सुरू झालं. दुपारची भांडी झाली की आमचा पसारा ओसरीवर. ज्वारीचे वाळलेले धांडे सोलून आतला पांढरा भेंड काढला, त्याची बैलगाडी केली. सांधायला खिळा नको की डिंक नको, धांड्याचंच टोकदार साल खुपसलं की पक्कं. पऱ्हाट्यांच्या काड्यांचा बंगला केला, त्याला माडी काढली. रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवून खणांचं कपाट, त्याला चहाच्या पुड्यातली चांदी लावली. सरकी रंगवून पुठ्ठ्यावर मोर चिकटवला. हा मोर माझा मलाच इतका आवडला की मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसायची. नणंद मला सामान आणून द्यायची आणि मधेमधे मोडायचीही. गाडीचं एक चाक तिनं बसून मोडलं.

एकदा माझ्या हातून माशाची पट्टी सारखी निसटत होती. माझी बोटं गुळगुळीत, प्लास्टिक सरकायचं. ती म्हणाली, आण इकडं. तिनं ओढली आणि अशी घट्ट बसली की मी पाहतच राहिले. रेशीम तिच्या खरखरीत बोटांना अडकायचं, पण प्लास्टिक त्याच बोटांत पकडून राहायचं. वेचून वेचून चिमटीत जोर आलेला. माझे मासे पोट सुटलेले असायचे, तिचे ताठ, खवले मोजून घ्यावे असे. दोन-चार दिवसांत तिनं मला मागं टाकलं आणि मग मला हातच लावू देईना.

नळ्या संपल्या तेव्हा आळीतल्या बाया मदतीला आल्या. जिच्या घरी कुणी आजारातून उठलं होतं आणि नळी पडली होती तिनं आणून दिली. आम्ही उकळून घ्यायचो. नणंद मासा झाला की सांगायची, हा बाबाचा, हा शेजारच्या मावशीच्या टायफॉइडचा, हा तिच्या सुनेच्या बाळंतपणाचा. आम्ही हसून हसून बेजार. पण खरं सांगते, त्या झुंबरात सगळी बरी झालेली माणसं होती. असं रुखवत कुठल्या बाजारात मिळतं?

माघात लग्न झालं. कापसाची शेवटची वेचणी नुकतीच संपलेली, तिच्या हातांवर हळद होती पण हळदीखालच्या चिरा दिसत होत्या. मी तिला पढवून ठेवलं होतं. कुणी टाका विचारला तर म्हणायचं, बोट दुखतंय, नंतर दाखवीन. ती हो म्हणाली होती.

दोन खाटा जोडून, पांढरी चादर घालून आम्ही रुखवत मांडलं. वर झुंबर. वरमाय बाया घेऊन आली. आत्याबाई बाजूला उभ्या, चेहरा हसरा, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. बायांनी गाडी पाहिली, बंगल्याच्या माडीत कुणी राहते का विचारलं, मोराला दाणे टाका म्हणाल्या. मुलाची आत्या त्यांच्यात तिखट. तिनं मी भरतकाम केलेली उशीची खोळ उचलली, उलटी केली, मागची बाजू नखानं खरवडून पाहिली. काही सापडलं नाही. मग मुंडावळ्या बांधलेल्या माझ्या नणंदेपुढे ती धरली आणि म्हणाली, "लय बारीक टाका हाय नवरीबाई. मले शिकव ना. सुई हाय माह्यापाशी." आणि खरंच तिनं पोलक्याला टोचलेली सुई काढली.

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, बोट, बोट. तिनं ती सुई पाहिली आणि म्हणाली, "मले हे येत नाई. हे माह्या वहिनीनं केलं. गाडी, बंगला, मोर, सगळं तिचंच हाय. मी फक्त मासे केले."

मुलाची आत्या म्हणाली, "मंग ईनबाई तं म्हने का सगळं पोरीचंच हाय."

"माय मायेपोटी बोलली," नणंद म्हणाली. "पन मले आता तुमच्या घरी राहाचं हाय. तिथं रोज टाके घालाले वहिनीले कुठून आनू?"

सगळ्या वरमाईकडे पाहत होत्या. वरमाईनं झुंबरातला एक मासा हातात धरला, ओढून पाहिला, सुटतो का ते. सुटला नाही. मग तिनं मासा सोडला आणि म्हणाली, "माह्या रुखवताले तं म्या हातबी नव्हता लावला. मावशीनं केलं सारं. अन् मी मिरवून घेतलं." मग मुलाच्या आत्याकडे, म्हणजे त्या सुईवाल्या बाईकडे वळून म्हणाली, "तुमचं कोनं केलं होतं, सांगा आता."

आत्यानं आधी आढेवेढे घेतले. मग सुई परत टोचत पुटपुटली, "वहिनीनंच."

आणि मग काय झालं म्हणून सांगू. एकीनं सांगितलं, माझं मोठ्या बहिणीनं केलं. दुसरीनं सांगितलं, शेजारणीनं रात्रंदिवस बसून केलं, आमची जात वेगळी तरी. एक ठणठणीत आवाजाची बाई म्हणाली, माझं तर वर्ध्याहून विकत आणलं होतं, आणि सगळ्या खो खो हसल्या. एक म्हातारी बाई मात्र डोळे पुसत होती. तिचं तिच्या आईनं केलं होतं आणि तोवर कुणी तिला ते विचारलं नव्हतं. मी पण सांगून टाकलं, माझं काकूनं. बाहेरून माणसं ओरडत होती, मुहूर्त टळतो, या लवकर. इथं कुणी हलेना.

वरमाईनं नणंदेला विचारलं, मासे तरी तुझेच ना? तशी ती तिथंच खाटेच्या कडेवर बसली, आणि हळदीच्या हातांनी पट्ट्या कशा घालायच्या ते दाखवू लागली. शेवटी तिच्या मामानं तिला हाताला धरून बोहल्याकडे नेलं.

ती त्या घरी सुखानं नांदली. फरदडीवरून नवऱ्याशी भांडत, पण सुखानं. मला तिचं ऋण कशाकशाचं वाटतं हे सांगता येणं कठीण. सासरी मी इतकं केलं होतं, पण ते माझं आहे असं चारचौघांत कुणी म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि म्हटलं कुणी, तर जिला गप्प बसण्यात फायदा होता तिनं.

आत्याबाई त्या दिवशी माझ्याशी किंवा लेकीशी त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. दिवसभर कामात होत्या. संध्याकाळी वऱ्हाडाच्या गाडीत रुखवत चढवायची वेळ आली. पोरं घाईनं उचलत होती. मी एका बाजूनं टोपलं बांधत होते, आत्याबाई दुसऱ्या बाजूला उभ्या. पहिल्या पोराला त्या म्हणाल्या, "सांभाळून नेजो रे. आमच्या सुनेनं केलं हाय." दुसऱ्यालाही तेच म्हणाल्या. मग गाडीवाल्याला, मग विहिणीच्या दिराला, ज्यानं काहीच उचललं नव्हतं.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि दोरी आवळत राहिले.