पाच वांगी, दोन काड्या

पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर आज कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजली. पाहुणे जेवून गेले. मी ताट घेतलं तेव्हा कढईत घासभरही भरीत उरलं नव्हतं. पाय भरून आले होते, केसांना धुराचा वास होता. त्या वासाने धुळ्याकडचं माहेरचं अंगण समोर आलं.

तेव्हा अक्का अकरावीत होती. पाच सारखी वांगी आम्हा तीन भावंडांत किती प्रकारे वाटता येतील, ते ती मला दाखवत होती. तिने वांगी ओळीने मांडली, मध्ये दोन काड्या ठेवून तीन वाटे केले. काड्या सरकवल्या की वाटे बदलत. सगळे मिळून एकवीस प्रकार निघाले.

"दोन्ही काड्या शेजारी आल्या तर?" मी विचारलं.

"मग मधल्याला शून्य. तोही एक प्रकारच."

चुलीपाशी बसलेली आई हसली. "असं कोन वाटस, माय?" म्हणत तिने वांगी उचलून निखाऱ्यावर ठेवली.

आज रिकामी कढई विसळताना लक्षात आलं, तेव्हा घरात जेवणारी माणसं चार होती. आईला धरलं असतं, तर तीन काड्या लागल्या असत्या.