टिलीची पाठ आणि रोमनचे हात

सलोमा रेबरला रस्त्याकडे बघावं लागत नसे. पीठ मळता मळता ती सांगायची, ही बिशपची काळी घोडी चालली, हा एनसचा म्हातारा घोडा, मागचा उजवा पाय जरा जपून टाकतोय. तिचा नवरा ॲटली लगाम आणि जुंपणीचं सामान शिवतो. लोक त्याच्याकडे पट्टे घेऊन यायचे आणि जाता जाता सलोमाला विचारायचे, आमच्या घोड्याचं चालणं तुला कसं ऐकू येतंय. आपल्या कानाचा तिनं कधी गर्व केला नाही. आमच्या मंडळीत गर्वाला जागाच नाही, आणि एखाद्यानं करायचा म्हटलं तरी शेजारी करू देत नाहीत.

अशा बाईची स्वतःची घोडी तिच्या डोळ्यांदेखत गेली, हे ओहायोतल्या आमच्या टेकड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. कशी गेली, ते कुणी बोलत नव्हतं. सलोमाही नाही.

टिली तांबूस रंगाची, शर्यतीतून काढून टाकलेली घोडी. रेबरांकडे अकरा वर्षं होती. आमच्या पंथात मोटार चालत नाही, त्यामुळे घोडी म्हणजे सगळ्या घराचे पाय. सलोमाच्या दोन बाळंतपणांत बर्फातून सुईणीला तिनंच आणलं. मार्चमध्ये तिच्या टापांचा ताल चुकू लागला. मागे, डावीकडे, एक ठोका उशिरा. ॲटली म्हणाला, नाल ढिला असेल. नाल घट्ट होता. सलोमा म्हणाली, जनावरांच्या डॉक्टरला बोलावू या. ॲटली म्हणाला, आधी रोमनला दाखवू.

रोमन श्लाबाख आमच्याकडचा हाडवैद्य. बाप माणसांची हाडं बसवायचा; रोमन माणसांचीही बसवतो, घोड्यांचीही. सलोमाची आखडलेली मान त्यानंच सोडवली होती. बोलायला गोड, हाक मारली की हजर, आणि मंडळीतला. एकदा मंडळीतला म्हटल्यावर विचारायचं काय? घोड्याचं शरीर कुठे शिकलास, हे बाहेरच्याला ॲटलीनं दहादा विचारलं असतं. रोमनला विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

रोमन आला. त्यानं टिलीला चालवून बघितलं नाही, कधीपासून लंगडते हेही विचारलं नाही. पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, खुबा सरकलाय. मग लाकडाचा ठोकळा पाठीवर धरून त्यावर रबरी हातोडा मारला. दोरीनं मागचा पाय ताणून झटका दिला. टिली ओरडली नाही. घोडे दुखणं गिळतात. पण गार हवेत तिच्या कानांमागे घाम फुटला. सलोमानं तो घाम पाहिला, आणि ती गप्प राहिली.

"बसला," रोमन म्हणाला. "आता तीन मैल पळवा, म्हणजे जागेवर पक्का होईल. डॉक्टर आला तर उगाच सुया टोचेल."

तिसऱ्या मैलावर टिली मागच्या पायांवर बसली ती उठलीच नाही. डॉक्टरला शेवटी बोलवावंच लागलं. कमरेच्या हाडाला आधीची चीर होती, म्हणाला. चार महिने तबेल्यात उभी ठेवली असती तर कदाचित सांधली असती. मग त्यानं विचारलं, हिला ओढलं कुणी? ॲटली टिलीच्या अंगावरचे पट्टे सोडू लागला. घोडीला तिथेच, रस्त्याच्या कडेला, शेवटची सुई द्यावी लागली.

संध्याकाळी रोमन बायकोच्या हातचा केक घेऊन दारात आला. देवाची इच्छा, म्हणाला. सलोमानं त्याला क्षमा केली. तोंडदेखली नव्हे. गुडघ्यावर बसून देवापुढे केली, आणि त्या दिवसापासून त्याच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. तिला वाटलं, क्षमा ती हीच.

सप्टेंबर संपत आला तेव्हा तिच्या बहिणीची मुलगी डेना आली. डेना शाळेत शिकवते, रोज पाच मैल जाते. सलोमा मुरंब्यासाठी सफरचंदं चिरत होती. डेनाची घोडी आठवडाभर अडखळत होती, आणि गुरुवारी रोमन तिची पाठ बघायला येणार होता.

"मावशी, टिलीला त्यानंच पाहिलं होतं ना? कसा गं आहे तो?"

सलोमानं चिरलेली फोड पातेल्यात टाकली. "आपलाच माणूस आहे," ती म्हणाली.

डेनाचं तेवढ्यानं समाधान झालं. ती निघाली आणि सलोमानं सवयीनं कान दिला. अडखळत होता तो पुढचा उजवा पाय. पाठीचा काही संबंधच दिसत नव्हता.

त्या दिवशी मुरंबा खाली लागला. आजवर तिच्या हातून कधी लागला नव्हता.

पुढच्या रविवारी सभा होती. भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाआधी आमच्याकडे एकेकाला विचारतात, सगळ्यांशी तुझा समेट आहे का. एकाचंही मन मोकळं नसेल तर साऱ्या मंडळीचं भोजन थांबतं. ॲटलीला हीच धास्ती. तो म्हणाला, क्षमा केलीस ना, मग आता उकरून काय काढतेस? मरायची ती मेली.

"टिली मेली," सलोमा म्हणाली. "डेनाची जिवंत आहे."

भावाशी काही बिनसलं तर चारचौघांत बोलण्याआधी त्याच्या दारी एकट्यानं जावं, ही लहानपणापासूनची शिकवण. बुधवारी ती चालतच रोमनकडे गेली. त्याची बायको व्हर्ना हिनं कॉफी दिली आणि चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली. सलोमानं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते, कानांमागचा घामसुद्धा.

रोमननं ऐकून घेतलं. "तीस वर्षं हे हात चालताहेत, सलोमा. कुणी नाव ठेवलं नाही."

"नाव ठेवलं नाही, कारण आम्ही आपापल्या तबेल्यात गप्प बसलो."

"शेजारच्या यूराच्या शिंगराचंही असंच..." व्हर्ना बोलता बोलता थांबली. रोमननं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तू मला क्षमा केली म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"केली, आणि अजूनही आहे. पण डेनाच्या घोडीची क्षमा मी आगाऊ कशी करू? मला एवढंच सांगा. आधी डॉक्टरला दाखवा, मग मी बघतो, असं तुम्ही कधी कुणाला म्हणालात? हे माझ्या हातचं नाही, असं एकदा तरी?"

रोमननं कप बाजूला सारला. "डेनाला सांग, मी येत नाही." तो उठून खळ्याकडे गेला. व्हर्नानं सलोमाला दारापर्यंत पोचवलं.

सलोमा तशीच डेनाकडे गेली. म्हणाली, मी तुला अर्धंच सांगितलं होतं, आणि अर्धं म्हणजे खोटंच. पाठ बघणारा माणूस कसा असावा, हेही सांगितलं. आधी जनावर चालवून बघणारा. डॉक्टर काय म्हणाला ते विचारणारा. घोडी अंग चोरू लागली की हात थांबवणारा. टेकडीपलीकडे एक बाहेरची बाई आहे, रीतसर शिकलेली. डॉक्टरनं पाठवल्याशिवाय ती घोड्याला हात लावत नाही. लोक म्हणतात, हिला काही येत नाही, सारखी डॉक्टरकडे धाडते.

"मावशी, पण त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

सलोमानं घोडीचा पुढचा उजवा पाय उचलून हात लावला, तर खूर कढत होता.

डॉक्टर आला. खुरात पू झाला होता. तो काढला, खूर बांधला, आणि दहा दिवसांत घोडी नीट चालू लागली.

रविवारी सभेत बायकांच्या बाकांवरून उपदेशक हळू आवाजात विचारत आला. सलोमा म्हणाली, माझा समेट आहे. पुरुषांच्या बाजूला रोमनची पाळी आली. तो म्हणाला, माझं मन अजून तयार नाही. बिशपनं मान हलवली आणि प्रभुभोजन पुढे ढकललं. जेवणानंतर भांडी धुताना तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. फक्त यूराची बायको शेजारी येऊन उभी राहिली. एकच थाळी पुन्हा पुन्हा पुसली आणि निघून गेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. रोमनची बग्गी दर मंगळवारी रेबरांच्या दारावरून जाते. पूर्वी तिथे हळू व्हायची, हाक यायची. आता टापांचा वेग बदलत नाही. परवा सलोमा पीठ मळत होती. तिनं बग्गी ऐकली, आणि तिचे हात परातीत तसेच राहिले. रोमनच्या घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाचा ठोका उशिरा पडत होता.

"कोण गेलं?" ॲटलीनं आतून विचारलं.

"रोमन. त्याचा घोडा दुखतोय."

ॲटली दारात आला. "त्याला ते सांगायला तू जाणार? तो तुझं तोंड तरी बघेल का?"

तिनं हातांचं पीठ खरवडून काढलं, हात धुतले आणि खुंटीवरची शाल घेतली.