खालच्या पाइपाची क्लिप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण राहू द्या.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. त्याचा अभिमान होता, आजही आहे. माझा मोठा भाऊ, दादा, आठवीतच शाळा सोडून बाबांची जुनी जीप कामरगाव-कारंजा सवाऱ्या घेऊन चालवू लागला. बैलाला पाजावं तसा तो प्रत्येक थांब्यावर जीपला कॅननं पाणी पाजायचा. मला तो अडाणीपणा वाटे. मी मोठं रेडिएटर आणलं, विजेवरचा पंखा लावला, हिरवं कूलंट भरलं. पाइप, क्लिपा — सगळं माझ्या हातानं. मेकॅनिकलाही हात लावू दिला नाही. आणि पाण्याची कॅन गाडीतून काढून टाकली.

स्टँडवर ड्रायव्हर दादाला चिडवायचे, "काहून रे, तुयी गाडी आता शरबत पिते म्हन्तेत!" तो हसायचा.

मग कूलंट कमी होऊ लागलं. गाडीखाली तर थेंब नाही. मग जातं कुठं? मी बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर पेनानं खूण केली. दादाचं हात पुसायचं फडकं हुंगून पाहिलं. दुसऱ्यांच्या जीपमध्ये हिरवं दिसतं का, म्हणून वाकून बघू लागलो. सख्ख्या भावावर — हो, पाळतच. शिकलेल्या माणसाच्या हातून चूक कशी होईल?

पोहरादेवीच्या यात्रेहून येताना भर उन्हात जीपनं वाफ सोडली आणि बंद पडली. आत लेकुरवाळ्या बाया. पाण्याची कॅन नाही. दोर लावून गाडी स्टँडवर आणली, तेव्हा मी सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, कूलंट कोनाले इकून राह्यला तू?"

"मी?" तो म्हणाला. "मी कायले इकीन, बापू?"

कोणी हसलं नाही. त्याच्या बाजूनंही कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी, गाडी मंगरूळपीरला दुरुस्तीला न्यायच्या आधी, मी खाली शिरलो. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप तिरकी बसली होती. मीच बसवलेली. इंजिन तापलं की तिथून झिरपायचं आणि तापल्या लोखंडावर सुकून जायचं. चेसीवर हिरवट डाग होता. मी नवी क्लिप लावली. डाग रॉकेलनं पुसला — कोणी विचारलं नव्हतं, तरी पुसला.

त्यानंतर कूलंट कमी झालं नाही. स्टँडनं काय समजायचं ते समजून घेतलं: बोंब झाली, म्हणून चोरी थांबली. मला ते दिसत होतं. मी गप्प राहिलो. वर्षं गेली, गप्पच आहे.

दादा अजून तीच जीप चालवतो. पहिल्या फेरीआधी मला हाक मारून घराबाहेर बोलावतो, बॉनेट उघडतो आणि स्वतः बाजूला सरकून उभा राहतो.

"पाह्य बापू. भरून हाये ना?"

मी वाकून बघतो. "हाये," म्हणतो.