विजूची घाई

विजू गेल्याचा निरोप कारखान्याच्या टाइम ऑफिसात आला. मी बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्या प्रयोगशाळेत फोन नाही, म्हणून शिपाई बोलवायला आला. शिरगावहून बहिणीच्या शेजाऱ्यांचा फोन होता. सकाळी विजू चहा घेऊन बसली होती, कमलताई कप न्यायला गेली तर... विजू माझी भाची, कमलताईची एकुलती एक मुलगी. चोविसावं लागलं होतं तिला. ती जाऊन आता दोन महिने होत आले. आम्हा घरच्यांना हे कधीतरी ऐकावं लागणार हे ठाऊक होतं.

नवव्या वर्षी तिला सांधेताप झाला. गुडघे सुजले, उतरले, आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे पालघरच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं तेव्हा कळलं, की तो ताप जाताना हृदयाची झडप बिघडवून गेला होता. शाळा गावातच होती, पण वाटेत ती दोनदा चक्कर येऊन पडली. हेडमास्तरांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि पोरीची जबाबदारी आमच्याने घेववणार नाही, घरीच शिकवा, असं सांगितलं. विजूच्या वडिलांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांची चिकू-नारळाची वाडी आहे. माणूस कष्टाळू, अबोल, शिक्षण चौथीपर्यंत. कमलताई सातवी झालेली. मराठी, इतिहास विजू स्वतःच वाचून काढायची. राहिलं गणित, ते माझ्याकडे आलं. सुटीच्या दिवशी, नाहीतर रात्रपाळी संपवून सकाळच्या एसटीने मी शिरगावला जायचो आणि ओटीवर तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायचो.

पोर हुशार होती. रीत एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नसे. आणि तरीही पानभर गणितांतली निम्मी चुकलेली. त्रेसष्ट उतरवून घेताना छत्तीस लिहायची. हातचा विसरायची. कंसाबाहेर वजा असलं की आतली चिन्हं बदलायची राहून जात. विचारलं की लगेच कपाळाला हात लावायची, कारण चूक कुठे आहे ते तिला एका नजरेत दिसायचं. भाऊ म्हणत, पोरीचं लक्ष नाय. कमलताईला वाटे, औषधांनी डोक्यावर परिणाम झाला. मी आधी आमच्या मास्तरांचाच मार्ग धरला, चुकलेलं गणित पाच वेळा लिहायला लावलं. त्यात चुका वाढल्या. मग आमच्या प्रयोगशाळेतली पद्धत आणली. तिथे एक मोजणी झाली की दुसरी वेगळ्या मार्गाने करून ताडून पाहतात. बेरीज वरून खाली केली तर पुन्हा खालून वर कर, भागाकार केला की गुणून बघ, असं तिला शिकवलं. तेही ती भराभर करायची आणि ताळा चुकवून बसायची.

एका सकाळी मी शिकवायचं थांबवून नुसता तिच्याकडे पाहत बसलो. ती लिहीत होती. खांदे वर ओढलेले, ओठ मिटलेले. तिसऱ्या गणितानंतर तिचे हात वेगाने चालू लागले, पाचव्याला अक्षर वाकडं झालं. पान संपवून तिने पेन्सिल टाकली आणि उशीला टेकून धापा टाकू लागली. मी विचारलं, एवढी कसली घाई आहे तुला?

ती म्हणाली, "दम लागायच्या आत संपवायचं असतं ना, मामा."

तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. तिच्या आईला, मला, डॉक्टरांना, कुणालाच तिने हे आधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, गणित म्हटलं की सगळ्यांनाच असं होतं.

त्या दिवसापासून आम्ही पानं सोडली. सकाळी तीन गणितं, बस. प्रत्येक गणितानंतर पेन्सिल खाली ठेवायची, मागे टेकायचं, श्वास जागेवर आला की झालेलं गणित पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायचं. मग पुढचं. गणित तिथेच राहतं, ते कुठे जात नाही, असं मी तिला सांगायचो. पहिले काही आठवडे ती चिडायची, तिला हे आजाऱ्याचं गणित वाटायचं. मग कधीतरी तीनची तीनही बरोबर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. वर्षभरात मला तपासायला काही उरेना.

बाहेरून दहावीला बसली तेव्हा पालघरच्या केंद्रावर भाऊंनी तिला जवळजवळ उचलूनच वर्गात नेलं. गणिताच्या पेपराला मी बाहेर थांबलो होतो. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, एक अख्खा प्रश्न सोडून दिला. माझा चेहरा पडला असावा. ती म्हणाली, "पण केलेत ते सगळे बरोबर हायेत." आणि होतेही. निकालात गणिताचे गुण सगळ्यात वर होते.

त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी झडपेचं ऑपरेशन सुचवलं. मी सोबत होतो. विजूने त्यांना विचारलं, यात माणूस दगावतो का. ते म्हणाले, क्वचित. मग तिने उलटा प्रश्न केला, नाही केलं तर किती वर्षं. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिला खरं ते सांगितलं. घरी पोचल्यावर ती भाऊंना म्हणाली, "भाऊ, दोनीकडून बघितलं. करायला पायजे."

भाऊ उठून वाडीत निघून गेले. त्यांचा धाकटा भाऊ पोटाच्या ऑपरेशनला म्हणून मुंबईला गेला होता, त्याचं प्रेतच शिरगावला आलं होतं. भाऊ कधी नाही म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, पावसाळा जाऊ दे. मग, जरा अंगात रक्त भरू दे. मी समजावलं, भांडलो, एकदा पालघरच्या डॉक्टरांनाच शिरगावला आणलं. कमलताई रडायची आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. विजू मात्र पुन्हा तो विषय काढत नसे. ती दुपारी गावातल्या मुलांची गणितं घ्यायची, आणि भाऊ वाडीतून आले की त्यांना पाणी आणून द्यायची. शेवटी पाय सुजायला लागले तेव्हा भाऊ स्वतः म्हणाले, चला. मुंबईला तपासून डॉक्टर म्हणाले, आता हे हृदय ऑपरेशन सोसणार नाही. भाऊ समोरच्या बाकावर बसले होते. विजूने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "घरी जाऊ या, भाऊ." त्यानंतर ती दीड वर्ष जगली.

गेल्या रविवारी मी शिरगावला गेलो होतो. कमलताई आत होती. भाऊंनी मला वाडीत नेलं, पाण्याच्या पाटाशी उभे राहिले आणि विचारलं, "तेवा केलं असतं तर राहिली असती?"

त्यांना काय हवं होतं, मला कळत नव्हतं. मी म्हणालो, बहुतेक राहिली असती.

त्यांनी मान हलवली. "आमालाबी तसंच वाटतं," म्हणाले, आणि वाकून पाटातला पाचोळा काढू लागले.

शेवटच्या महिन्यांत विजूला आडवं झोपता येत नसे. छाती भरून यायची. तेव्हा भाऊंनी फणसाच्या फळ्या आणून तिच्या खाटेला उंच पाठ करून दिली होती, टेकून बसून झोपायला. मी निघालो तेव्हा ती खाट ओटीवर तशीच होती, पाठही काढलेली नव्हती. कमलताईने सांगितलं, भाऊ आता रात्री तिथेच असतात. त्या पाठीला टेकून बसून झोपतात. कितीही सांगितलं तरी आडवे होत नाहीत.