आतल्या बाजूचं नाव

“आधी उलटं कर.”

कुणी कपडा काउंटरवर ठेवला की काका हेच म्हणायचे. लग्नाचा सूट असो, नाहीतर कुणाची साधी जीन्स. बाहेरून पाहायचेच नाहीत. कपडा उलटा करायचे, शिवणीवरून अंगठा फिरवायचे आणि मग चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघायचे. निम्मी माणसं तेवढ्यानेच ओशाळायची.

अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये त्यांचं ऑल्टरेशनचं दुकान होतं. एका बाजूला इंडियन ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला दाताचा डॉक्टर. मला उशिरा वर्क परमिट मिळालं तेव्हा कॉम्प्युटर शिकायचं वय गेलं होतं. शिवणकाम येत होतं. आत जाऊन काम मागितलं. त्यांनी माझ्याच कुर्त्याची बाही उलटून पाहिली आणि म्हणाले, “सोमवारपासून ये.” सहा वर्षं राहिले.

तुम्ही इकडे राहत असाल तर असं एखादं दुकान तुमच्याही वाटेवर असेल. आत कोण बसतं ते आपण पाहत नाही. पँट टाकतो, पावती घेतो, निघतो.

काका न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचे, कृष्णवर्णीय, सत्तरीच्या आसपासचे. ‘काका’ हे नाव ग्रोसरीतून आलेल्या मराठी बायकांनी पाडलं. “काकांना दाखव बघू” असं त्या मुलांना म्हणायच्या. त्यांनी मला अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, मी म्हटलं. “म्हणजे मला एवढे पुतणे आहेत आणि एकही फोन करत नाही!” मला ते ‘मिस पुणे’ म्हणत. मी सांगलीची आहे हे दोनदा सांगून पाहिलं. “पुणे म्हणायला सोपं,” असं उत्तर मिळाल्यावर नाद सोडला.

एकदा एक बाई मुलीला ओढतच घेऊन आली आणि मला म्हणाली, “मावशी, या पँटमध्ये दोन मुली मावतील. आत घ्या ना जरा.”

“आई, डोन्ट! इट्स सपोज्ड टू बी लाइक धिस!”

काकांनी पँट उलटी केली. मग आईला म्हणाले, “आमच्या घरात पँट मोठ्या भावाची असायची. बेल्टही त्याचाच. गळून पडायची. हसण्यासारखी गोष्ट होती, पण आम्ही ताठ मानेनं चालायचो. मग पलीकडच्या गल्लीतली पोरं मुद्दाम मोठी पँट घ्यायला लागली.”

“आम्हीही दादाचेच कपडे घातले,” बाई म्हणाली. “पण आम्ही लाजायचो हो.”

“तिथेच चुकलात,” काका म्हणाले. पँट तशीच परत गेली.

काकांच्या ब्राँक्समधल्या पोरांनी सुरू केलेलं हिप-हॉप म्हणजे मी आरडाओरडा समजत होते. काकांनी कधी त्यावर व्याख्यान दिलं नाही, पण हात चालू असताना एकेक निघायचं. बुटांच्या नाड्या स्टार्च लावून इस्त्री करायच्या, म्हणजे पट्टीसारख्या रुंद बसतात. एकच जोडी बूट, म्हणून ते दातांच्या ब्रशनं घासायचे. गाणी लावून रस्त्यावर नाचायचं, तर खाली पुठ्ठा अंथरायचा, नाहीतर गुडघे फाटतात आणि आई मारते. पुढे दुकानदार जागे झाले, कंपन्या आल्या. पँट ढगळ झाली, घट्ट झाली, परत ढगळ झाली. “एकच पँट मी तीनदा उसवलीय,” ते म्हणायचे. “कपडा बदलत नाही, मालक बदलतो.”

एका गिऱ्हाइकानं असंच एक महागडं डेनिम जॅकेट आणलं. पाठीवर रंगात फुगीर अक्षरं, कारखान्यात छापलेली. बाह्या कमी करायच्या होत्या. काकांनी ते उलटं केलं, कॉलरखाली पाहिलं. “आत कुणीच नाही,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून आपलं जॅकेट आणलं. सतराव्या वर्षी धाकट्या भावासाठी केलेलं. पाठभर भावाचं टोपणनाव, तशाच फुगीर अक्षरांत, हातानं रंगवलेलं आणि इस्त्रीनं पक्कं केलेलं. भाऊ केव्हाच गेला होता. फोटो वगैरे एका आगीत गेले होते. “घालणाऱ्याचं नाव बाहेर, करणाऱ्याचं आत,” ते म्हणाले. पण आत कुठे, ते दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. मला तीन पडदे संपवायचे होते.

त्यानंतर वर्षभरात अटलांटातल्या एका संग्रहालयात हिप-हॉपच्या या कपड्यांचं प्रदर्शन ठरलं. कुणीतरी काकांचा फोन नंबर दिला. तिथली बाई सोमवारी जॅकेट न्यायला येणार होती. काका आठवडाभर शीळ घालत होते. “मिस पुणे, पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारतंय की हे कुणी केलं.” शुक्रवारी त्यांनी जॅकेट माझ्याकडे दिलं. “एक बटण सैल आहे. फक्त बटण.”

घरी आणून बटण लावलं. मग कॉलरकडे लक्ष गेलं. काळी, तेलकट. आता बघा, कुणाला कपडा द्यायचा तर धुऊन, इस्त्री करून द्यायचा, हे माझ्या हाताला कुणी सांगावं लागत नाही. हे तर चार लोकांत टांगायचं होतं. रंग जाऊ नये म्हणून आधी पाठीवर ओल्या कापसाचा बोळा लावून पाहिला. रंग हलला नाही. मग कॉलरला डाग काढायची पावडर कालवून लावली, तासभर ठेवली, ब्रशनं घासली. नवऱ्याच्या शर्टांची घासते तशी. गार पाण्यात धुतलं. सावलीत वाळवलं. हाताला बरं वाटलं.

सगळं केलं. उलटं तेवढं केलं नाही.

सोमवारी ती बाई आली. पांढरे हातमोजे घातले आणि पहिल्यांदा जॅकेट उलटं केलं. काका माझ्याकडे बघून हसले, म्हणजे बघ, हिला कळतं. तिनं कॉलरखालची अस्तराची झडप उचलली. खाली पांढऱ्या सुती फितीचा तुकडा होता. त्यावर निळसर डाग होता, पाण्यात सांडलेल्या शाईसारखा.

“तुम्ही फोनवर म्हणालात, इथे नाव, रस्ता आणि वर्ष आहे. बॉलपेननं.”

काका वाकले. मग त्यांनी कॉलर नाकाशी नेली. मी मशीनवर होते. पाय पेडलवर होता, पण दाबता येईना.

“पन्नास वर्षं झाली,” ते तिला म्हणाले. “शाई उडते.”

तिला वाईट वाटलं. पण त्या काळचा काही पुरावा लागतो, असं म्हणाली. नुसतं ‘हे मीच केलं’ असं सांगणारे पाचजण आधीच येऊन गेलेत. तरी काकांनी जॅकेट दिलं. ती गेल्यावर म्हणाले, “साबण कोणता?”

“घरचाच.”

“चांगला आहे. या कॉलरचा मळ माझ्या आईलाही कधी निघाला नव्हता.”

बस, एवढंच. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयाला फोन केला, नाव तिथे होतं, मी धुऊन टाकलं, असं सांगितलं. लेखी पाठवलं. त्यांनी आभार मानले. काकांना सांगितलं तर ते सुईत दोरा ओवत राहिले. “नाव मी लिहिलं होतं, मिस पुणे. ते तू सांगत फिरू नकोस.” म्हणून ते नाव इथेही सांगत नाही.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही एकत्र काम केलं. डबा वाटून खाल्ला, माझ्या पोह्यांना ते तशीच नावं ठेवत राहिले. पण “आधी उलटं कर” हे मला परत कधी म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकांना म्हणायचे. मी कपडा हातात घेतला की गप्प बसायचे. मी आपणहून उलटा करायची, आणि ते दुसरीकडे बघायचे.

पुढे गुडघे गेले. दुकान बंद करून ते बहिणीकडे कॅरोलायनात गेले. दोन वेळा फोनवर बोलले. तिसऱ्यांदा बहिणीनं उचलला. दुकानाच्या जागी आता बबल टी मिळतो.

प्रदर्शन अजून आहे, आता कायमचं केलंय. गेल्या महिन्यात ड्राइव्ह करून एकटी गेले. एका लांब काचेमागे ओळीनं जॅकेटं टांगली आहेत, सगळी सुलटी. त्यांच्या जॅकेटखाली लिहिलंय, ‘कारागीर अज्ञात’. इतरांच्या कॉलरी घामानं, तेलानं काळ्या झालेल्या, जशा होत्या तशा ठेवलेल्या. त्या सगळ्या ओळीत एकच कॉलर स्वच्छ आहे.