काकांच्या शेजारची सीट

आयुष्यभर शाळेची बस चालवलेले ड्रायव्हरकाका निवृत्तीनंतर घरी बसतील तर शपथ! एका संस्थेतर्फे ते स्वतःच्या जुन्या गाडीतून पेशंटना फुकट हॉस्पिटलात नेऊ-आणू लागले. तोंड फटकळ, मन मऊ. “दार हळू लावा, दुसरं मिळायचं नाही,” असं आजाऱ्यालाही सुनावायचे.

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंना कॅन्सरच्या शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, रोज हॉस्पिटलात जावं लागे. घरी त्या एकट्याच. मध्येच एक दिवस मागची सीट सोडून त्या पुढे येऊन बसल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. “मेला सिग्नल आत्ताच लाल व्हायचा होता!” “बघा, सायकलवाला उजवीकडून कसा घुसतोय!”

“बाई, गाडी मी चालवतोय की तुम्ही?” काका वैतागायचे. खरं तर त्या बडबडीची त्यांना सवयच झाली होती.

एकदा परतताना गळून गेलेल्या बाईंचा डोळा लागला. काकांनी नेहमीचा चौक ओलांडायला घेतला आणि उजवीकडून आलेला ट्रक कचकन ब्रेक मारून वीतभर अंतरावर थांबला. ट्रकवाल्यानं काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उजव्या खांबावरचा सिग्नल लाल होता.

“उजवीकडचं दिसत नाही ना?” दचकून जाग्या झालेल्या बाई हळूच म्हणाल्या. “मला केव्हाच कळलंय.”

“मग बसत कशाला होतात?”

“बोलले असते तर तुम्ही गाडी सोडली असती. मला कोण नेणार होतं?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी तिथेच कडेला लावून त्यांनी बाईंना टॅक्सीनं घरी पोचवलं. रोजची टॅक्सी दोघांनाही झेपणारी नव्हती. संध्याकाळी काकांनी संस्थेच्या ताईंना फोन करून खरं ते सांगितलं. “दुसरं कुणी मिळतं का बघते,” ताई म्हणाल्या, “पण वेळ लागेल.”

सकाळी काका बाईंच्या दारात हजर. “चला, बसनं जाऊ.”

बस आली. काकांनी दंडाला धरून बाईंना पायरीवर चढवलं, पण पुढची पायरी काही बाईंना चढवेना. मागचे लोक कुरकुरले, कंडक्टर घाई करू लागला. बाई खाली उतरल्या. पुढच्या बसलाही तेच. मग त्या थांब्यावरच्या बाकावर बसल्या.

“काका, एखादा दिवस चुकला तर चालतं का हो?”

“चालतं की,” काका धडधडीत खोटं बोलले, आणि त्यांना हाताला धरून पायी पायी घरी घेऊन गेले.